सहासष्ट सेकंदांची टेकडी

वॉर फिल्म म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? 'बॉर्डर', 'लक्ष्य', नाहीतर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'. सराउंड साउंड, स्लो मोशन, हीरोच्या कपाळावरून ओघळणारा घाम आणि आपल्या मांडीवर पॉपकॉर्नचा टब. आता हे सगळं जरा बाजूला ठेवा. आवाज बंद करा. रंग काढून टाका. एक चढ आहे, बांबूची बेटं आहेत, धूर आहे. काही पाठमोरी माणसं वाकून वर चढताहेत. कॅमेरा हलतो. एक जण खाली बसतो, की पडतो, कळत नाही. पुन्हा धूर. कट. संपलं.

हे खरं फुटेज. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेश आघाडीचं. ते शूट केलं ब्रिटिश आर्मीच्या फिल्म अँड फोटोग्राफिक युनिटच्या माणसांनी. त्यातलं नऊ नंबरचं युनिट आग्नेय आशियासाठी होतं आणि त्यातले बहुतेक कॅमेरामन साधे सार्जंट होते. त्यांची रिळं आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. त्यातलं बरंच काही आता आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबच्या मागच्या सीटवर बसून मोबाइलवर बघू शकतो. कमाल आहे की नाही?

पण पहिल्यांदा बघताना बहुतेकांची निराशाच होते. एवढंच? हो, एवढंच. कारण कॅमेरा चावीचा होता. लहानपणीच्या खेळण्यातल्या मोटारीसारखी चावी भरायची आणि बटण दाबायचं. आत पस्तीस एमएमचं शंभर फुटांचं रीळ. एका फुटात सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस. गणित करा. सहासष्ट सेकंद! तेही सलग नाहीत, कारण एका चावीत जेमतेम अर्धं मिनिट निघायचं. मग थांबा, पुन्हा चावी द्या. रीळ संपलं की आडोसा शोधा, कॅमेरा उघडा, नवं रीळ घाला. हे सगळं पावसात, चिखलात, भिंगावर बुरशी चढत असताना आणि समोरून मशीनगन चालू असताना. आपण मिसळीच्या प्लेटचा याहून लांब व्हिडिओ काढतो, आणि तोही तीन अँगलने.

आवाजाची भानगडच नव्हती. डॉक्युमेंटरीत जे धडामधुडूम ऐकू येतं ते नंतर स्टुडिओत टाकलेलं. कॅमेरामन फक्त एक कागद भरायचा: तारीख, जागा, कोणती पलटण, कोणत्या शॉटमध्ये काय. त्याला 'डोप शीट' म्हणत. रीळ आणि कागद डब्यात बंद होऊन मागे जायचे, सेन्सॉर व्हायचे. आपण काय टिपलं हे त्या बिचाऱ्या सार्जंटला बघायला मिळेलच याची काही गॅरंटी नव्हती.

या कागदाकडे जरा लक्ष ठेवा. पुढे तो लागणार आहे.

आता एक ट्रिक सांगते. पुढच्या वेळी असं फुटेज दिसलं की फक्त एवढंच बघा, सैनिकांचे चेहरे दिसताहेत की पाठी? टेकडीवर चढणारी तुकडी समोरून येताना दिसत असेल, चेहऱ्यांवर छान जोश असेल, तर स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. कॅमेरामन मग कुठे उभा होता? शत्रूच्या खंदकात? म्हणजे तो शॉट सरावाच्या वेळचा, नाहीतर लढाई झाल्यावर 'अरे, पुन्हा एकदा चढा रे' असं सांगून घेतलेला. खरा हल्ला पाठमोरा असतो, तिरपा असतो, बऱ्याचदा लांबून घेतलेला असतो. आणि जंगलात तर तोही दिसत नाही. जपानी बंकर लाकडाचे ओंडके आणि माती टाकून असे झाकलेले असायचे की दहा पावलांवर जाईपर्यंत पत्ता लागत नसे. कॅमेऱ्याला काय दिसणार? झाडं हलताना दिसतात. मग स्ट्रेचर खाली येताना दिसतात. मधलं तुम्ही समजून घ्यायचं.

म्हणून मला हे फुटेज सिनेमापेक्षा जास्त खरं वाटतं. बोअरिंग असूनही.

सिनेमावाल्यांनी अर्थात त्यावर हात मारलाच. १९४५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने 'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' काढला. हीरो एरॉल फ्लिन, दिग्दर्शक राऊल वॉल्श. जंगल कॅलिफोर्नियातलं, मध्येमध्ये पेरलेलं फुटेज मात्र अस्सल. फ्लिनसाहेब मूठभर पॅराट्रूपर घेऊन ब्रह्मदेशात उतरतात आणि जणू अमेरिकेनेच ती लढाई जिंकली असा थाट! ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की सिनेमा थिएटरमधून काढावा लागला. तो तिथे परत लागला १९५२ मध्ये. ब्रिटिशांचा स्वतःचा सिनेमा होता रॉय बोल्टिंगचा 'बर्मा व्हिक्टरी', तोही १९४५ चाच. मुळात अमेरिका आणि ब्रिटनने एकत्र फिल्म करायची असं ठरलं होतं, पण युद्ध कशासाठी चाललंय यावरच एकमत होईना. मग अमेरिकनांनी 'द स्टिलवेल रोड' वेगळी काढली. तिचं निवेदन कोणी केलंय माहितेय? रोनाल्ड रेगन. तेच ते, पुढे प्रेसिडेंट झालेले.

फ्लिनचे अमेरिकन, बोल्टिंगचे ब्रिटिश. पण फौजेत जास्त होते कोण? आपण. ज्या चौदाव्या आर्मीने ब्रह्मदेश परत घेतला तिच्यातले बहुसंख्य सैनिक भारतीय होते. युद्ध संपेपर्यंत इंडियन आर्मीत पंचवीस लाखांवर माणसं भरती झाली होती. सक्तीची भरती नव्हती, सगळे स्वतःहून गेलेले. (स्वतःहून म्हणजे कसं, हे ज्यांच्या घरात दुष्काळ माहिती आहे त्यांना सांगायला नको.)

इथल्या थिएटरांतही युद्धाच्या फिल्म्स दाखवल्या जात. दाखवाव्याच लागत. १९४३ पासून कायदाच होता, प्रत्येक खेळाला सरकारमान्य फिल्म चालवायची. आपल्या आईवडिलांनी पिक्चर सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनच्या ज्या डॉक्युमेंटऱ्या मुकाट बघितल्या त्या सक्तीचं मूळ इथे. तेव्हा 'इंडियन न्यूज परेड' नावाचं न्यूजरील निघायचं. इंग्रजी, हिंदुस्थानी, बंगाली, तमिळ आणि तेलुगू अशा पाच भाषांत. मराठी त्यात नव्हती. म्हणजे मराठा पलटणीतल्या शिपायाच्या बायकोने पडद्यावर ब्रह्मदेश बघितला असेलच, तर तो हिंदुस्थानीत ऐकला असेल. आणि बारामती-इंदापूरच्या वाडीवस्तीवरून ती थिएटरात कशाला जातेय म्हणा.

बारामती-इंदापूर म्हटल्यावर मुद्द्यावर येते.

माझा एक मित्र आहे. बाणेरमध्ये फ्लॅट, हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर, रविवारी सायकलिंग, सगळं अगदी टिपिकल. मूळ गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या बाजूला. आपण हिवाळ्यात जिथे फ्लेमिंगोंचे फोटो काढायला जातो आणि येताना मासे हाणतो, तोच पट्टा. त्याचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण झालं, पाणी चढलं, गाव वर सरकलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. देऊळ वर येतं, पण हलवाहलवीत हरवलेल्या ट्रंका येत नाहीत. त्याच्या पणजोबांची लष्करी ट्रंक अशीच गेली. तिच्यात कागद होते, आणि घरातली मोठी माणसं सांगतात की एक फोटोही होता.

पणजोबा ब्रह्मदेशात गेले आणि आले नाहीत. घरात एवढंच माहीत. 'पाच नंबर मराठा' हा शब्द, पेन्शनची मनिऑर्डर आणि देवघरात हळदीकुंकवाखाली दबलेलं एक पितळी चांदणीचं पदक. त्यांची मुलगी, म्हणजे माझ्या मित्राची आजी, आता ऐंशी ओलांडलेली आहे आणि बारामतीला काकांकडे असते. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिने वडिलांचा चेहरा बघितलेला नाही. फोटोतला असेल तर तोही आठवत नाही.

गेल्या वर्षी मित्राला एक क्लिप सापडली. ब्रह्मदेश, टेकडीवरचा हल्ला. हल्ला नेहमीसारखाच, पाठी आणि धूर. पण शेवटी, बहुधा दुसऱ्या रिळातली, काही सेकंदं आहेत. लढाई संपलीय. एक जण मगमधून चहा पितोय, त्याला कॅमेरा दिसतो, तो मग खाली घेतो आणि हसतो. मित्राने तिथे पॉज केलं. कपाळ काकांसारखं. हसताना डावा गाल आत जातो, तो तर थेट मित्राचाच. फॅमिली ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत निकाल! आत्या रडली. काकांनी बारामतीतल्या फोटो स्टुडिओवाल्याला फोन करून विचारलंसुद्धा, हा फोटो मोठा करून रंगीत करून द्याल का, फेटा बांधून.

आणि मग मित्राने मला फोन केला. 'आजीला दाखवू ना?'

मी विचारलं, 'त्या फुटेजचा कागद बघितलास?'

कागद म्हणजे तीच डोप शीट. तिच्यावरची माहिती आता क्लिपसोबत कॅटलॉगमध्ये असते. याने वाचलीच नव्हती. वाचली. अराकानचा किनारा, जानेवारी १९४५, पंजाब रेजिमेंट.

अराकानचं नाव निघालंच आहे तर एका मराठी माणसाबद्दल सांगते. त्याच महिन्याच्या अखेरीस अराकानात कांगॉ नावाच्या ठिकाणी भयंकर लढाई झाली. खाजण, चिखल आणि त्यातून उठणाऱ्या टेकड्या. नकाशावर त्यांना साहेबाच्या देशातली नावं: मेलरोज, पर्थ, मिलफर्ड. तिथल्या एक्कावन्न नंबरच्या ब्रिगेडमध्ये तिन्ही पलटणींचे कमांडर भारतीय होते, जे त्या काळात अजूबाच होतं. थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. मेलरोज टेकडीवर थोरातांची दोन-दोन पंजाब चढली आणि तिने ती घेतली. संगिनीने, अगदी हातघाईवर. तिघांनाही डीएसओ मिळाला. थोरात पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि त्यांनी 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. कॉर्पोरेट लीडरशिपवरची चार पुस्तकं कमी वाचा आणि हे वाचा, असं मी ऑफिसमध्ये सांगत असते. कोणी ऐकत नाही.

तर क्लिप पंजाबची. पणजोबा मराठा. पण मित्र हुशार, त्याने लगेच फाटे फोडले. 'अगं, अटॅच केलं असेल. कागद चुकला असेल. कॅमेरामन घाईत असेल.' कागद चुकतात, हे खरंय. पण मग आपल्याकडेही काहीतरी कागद हवा ना?

तो निघाला देवघरात. आपल्याकडे ब्रह्मदेशाच्या पदकाला, बर्मा स्टारला, 'चांदणी' म्हणत असतील, पण ती उलटी करून कोणी बघितलेली नसते. भारतीय सैनिकांना दिलेल्या या पदकांवर मागे बऱ्याचदा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. काकूंनी चिंच लावून घासलं आणि हळदीखालून इंग्रजी अक्षरं आली. नंबर मिळाला!

पुढचं काम तुम्हीही करू शकता. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन नावाची संस्था आहे. दोन्ही महायुद्धांत गेलेल्या कॉमनवेल्थच्या सैनिकांची नोंद ती ठेवते. त्यांची यादी सगळ्यांना खुली आहे, पैसे लागत नाहीत. खडकीची युद्ध स्मशानभूमी, जिच्यावरून तुम्ही रोज हॉर्न वाजवत जाता, तीही तेच सांभाळतात. नुसतं 'जाधव' टाकू नका, जन्म जाईल. साहेबाच्या कारकुनाने आपली नावं वाटेल तशी लिहिली आहेत, म्हणून स्पेलिंग चार तऱ्हांनी टाकून बघा. जिल्हा 'पुणे' शोधू नका, 'पूना' शोधा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बायकोचं नाव घरात विचारून ठेवा. कित्येक नोंदींत 'अमकीचा नवरा, तमक्या गावचा' असं लिहिलेलं असतं. ओळख पटते ती तिथेच. माझ्या मित्राचीही तिथेच पटली. पणजीचं नाव होतं. तिचं नाव कुठल्याही इंग्रजी कागदावर असेल असं घरात कोणाला वाटलंच नव्हतं.

नोंद अशी: चौथी पलटण, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. मार्च १९४४, शेवटचा आठवडा. रंगून मेमोरियल. रंगूनजवळ तौक्यानला हे स्मारक आहे. ज्यांना थडगं नाही की ज्यांच्या राखेचा पत्ता नाही अशा सुमारे सत्तावीस हजार जणांची नावं तिथल्या खांबांवर कोरलेली आहेत.

म्हणजे क्लिपमधला माणूस चहा पिऊन हसत होता तेव्हा पणजोबांना जाऊन दहा महिने झाले होते.

मार्च ४४ चा शेवटचा आठवडा आणि चौथी मराठा म्हटलं की जागा एकच, सांगशाक. मणिपूरमधलं नागांचं एक छोटं गाव, डोंगराच्या धारेवर. जपानी फौज कोहिमाकडे निघाली होती आणि तिच्या वाटेत हे गाव आलं. तिथे पन्नास नंबरची भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि पुढच्या चौकीवरून मागे आलेली चौथी मराठा तिला येऊन मिळाली. खंदक खणायला घेतले तर तीन फुटांवर कातळ. काटेरी तार नाही. पाणी नाही. विमानातून टाकलेल्या पेट्यांमधल्या बऱ्याच जपान्यांच्या हातात पडल्या. २२ ते २६ मार्च, रोज हल्ले. सव्वीसच्या रात्री उरलेल्यांना जंगलातून इंफाळकडे निघून जायचा हुकूम आला. पण त्या चार-पाच दिवसांत जपान्यांचा जो वेळ गेला तो कोहिमाच्या कामी आला. कोहिमाची टेनिस कोर्टवरची लढाई जगप्रसिद्ध आहे. २०१३ मध्ये लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियमने ब्रिटनची सगळ्यात मोठी लढाई कोणती म्हणून मतं घेतली, तेव्हा वॉटर्लूला मागे टाकून इंफाळ-कोहिमा पहिली आली. सांगशाक मात्र क्विझमध्येही विचारत नाहीत.

अशा वेढ्यात चावीचा कॅमेरा घेऊन कोण बसणार? आणि माघार घेताना रिळं कोण वाहणार? फुटेज जिंकलेल्या टेकड्यांचं असतं. १९४५ चं भरपूर, ४४ च्या मार्चचं कमी. हे कळल्यावर मला त्या सगळ्या डॉक्युमेंटऱ्या वेगळ्याच दिसायला लागल्या.

सांगशाकमधून जे वाचले त्यांचंही सगळं नीट झालं म्हणावं तर तसं नाही. चौथी आणि सहावी मराठा ज्या ब्रिगेडमध्ये होत्या ती युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर १९४५ मध्ये, जावातल्या सुराबायाला पाठवली. जपान शरण आलेला. घरी जायचे दिवस. तिथे स्वातंत्र्यासाठी उठलेल्या इंडोनेशियन लोकांशी गाठ पडली. ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला, पलटणींची दाणादाण उडाली. ब्रह्मदेशातून जिवंत आलेली आपली पोरं दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यलढ्यात, चुकीच्या बाजूला उभी राहून मेली.

आणि घरी आले त्यांचं तरी कौतुक कुठे झालं? त्याच वर्षांत शेजारच्या साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. तिकडे इंफाळच्या पलीकडे नेताजींची आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूने होती. ४७ नंतर कोणी कोणाला विचारणार, 'तात्या, तुम्ही कोणाच्या बाजूने होता?' तात्यांनी पेन्शन घेतली, पदक देवघरात ठेवलं आणि गप्प बसले. त्यांना आपण दोष देऊ नये, पण शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद तरी हवा होता, असं माझं मत आहे.

पुन्हा मित्राकडे. आता त्याच्यापुढे खरा प्रश्न होता. नोंद तर मिळाली. पण ग्रुपवर पणजोबा आधीच जाहीर झाले होते, आत्याने स्टेटसही ठेवलं होतं. काकांचं म्हणणं साधं होतं. 'म्हातारीचं वय झालंय. तिला एक चेहरा मिळतोय. कोणाचं काय जातंय?'

खरं सांगू? क्षणभर मलाही पटलं. कोणाचं काय जातंय?

पण जातं. तो चहा पिणारा माणूस कोणीतरी आहे. पंजाब पलटणीत शीख होते, डोगरे होते, मुसलमान होते. त्याचं घर कदाचित जालंधरकडे असेल, कांग्र्यात असेल, कदाचित झेलमच्या काठी, म्हणजे आता पाकिस्तानात. तिथेही एखादा पणतू रात्री जागून ही क्लिप बघत असेल. आपण त्याचा पणजोबा इंदापूर तालुक्यात फेटा बांधून भिंतीवर टांगायचा? मी मित्राला हेच म्हटलं. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी मेसेज आला, 'स्टुडिओला नको सांगितलं.'

क्लिप मात्र त्याने आजीला दाखवली. 'हे आपले नाहीत, आजी. पण तुझे वडील असेच लोकांत होते, अशाच डोंगरात.' टॅब तिच्या मांडीवर ठेवला. तिने हल्ला मुकाट बघितला. धुराचं काही वाटलं नाही तिला. खेचरं चढावर घसरताना दिसली तेव्हा म्हणाली, 'वझं लई घातलंय.' मग चहावाला आला आणि हसला. तिने पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा. मग विचारलं, 'थंडी व्हती का रं तिथं?' मित्राने नेटवर बघितलेलं होतं, सांगशाक उंचावर आहे, मार्चमधल्या रात्री गार असतात. म्हणाला, हो, होती. 'आन अंगावर काय?' हे त्याला सांगता आलं नाही.

पणजीचं नाव तिने छापील नोंदीवर बोट ठेवून वाचलं. तो कागद आता काकांच्या कपाटात, जमिनीच्या उताऱ्यांच्या फाइलमध्ये आहे.

मित्राला आता सांगशाकला जायचंय. इंफाळजवळ २०१९ मध्ये पीस म्युझियम झालंय, जपान्यांच्या मदतीने, तेही बघायचंय. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये जे झालं त्यामुळे घरचे नको म्हणताहेत. तोपर्यंत त्याने दुसरं काम केलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तिथे त्याने पत्र टाकलंय. नंबर, नाव, पलटण, तारीख आणि एकच विनंती: भरतीच्या वेळचा कागद असेल तर त्याची प्रत द्यावी. त्या कागदात उंची लिहिलेली असते, छाती लिहिलेली असते आणि अंगावरच्या खुणा. फोटो नसला तरी चालेल, तो म्हणाला, गालावर काही होतं का एवढं कळलं तरी बास.

पत्र स्पीड पोस्टने गेलंय. पोचल्याची पावती आलीये, उत्तराची वाट बघणं चालू आहे.